बाबांच्या चेटकिणी

माझी आई चेटकीण आहे, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. घरात ती गोष्ट कुणी लपवत नसे. बाबा मुलांच्या मासिकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी चित्रं काढायचे. जून उजाडला की आमच्या पुण्याच्या दोन खोल्यांत राक्षस, बुटके, हात फुटलेली झाडं आणि चेटकिणी यांची वर्दळ सुरू व्हायची. राक्षस बाबा मनानं काढत. चेटकिणीसाठी त्यांना आई लागायची. दुपारची भांडी आवरून ती जरा टेकली की आतून हाक यायची, "जरा येतेस का? हात हवेत." मग आई अंबाडा सोडून, उपड्या बादलीवर बसून, केरसुणी दोन्ही मुठींत धरून खिडकीकडे तोंड करायची.

"बोटं आवळ. अजून. आणि रागावल्यासारखी बघ."

"रागावल्यासारखी कशाला? रागावलेलीच आहे. कणीक भिजवायची राहिलीय अजून."

बाबांचा टाक कागदावर कुरकुरत राहायचा आणि मी दाराच्या फटीतून बघायचे. सोडलेल्या केसांतली आई मला ओळखू यायची नाही. तासाभरानं ती उठायची, केस बांधायची, केरसुणी कोपऱ्यात आडवी ठेवून तिला नमस्कार करायची आणि कणकेला लागायची. पण ती सगळीच्या सगळी परत आलीय अशी माझी खात्री पटायला संध्याकाळ व्हायची. रात्री तिनं भरवलेला पहिला घास मी कितीतरी वेळ गालात धरून ठेवत असे.

राजकन्येसाठी मात्र बाबांना कुणी लागत नसे. तेव्हा ते दार लावून घ्यायचे. दर वर्षी गोष्ट वेगळी, राज्य वेगळं, साडीच्या जागी कधी झगा, कधी परकर-पोलकं, पण मुलगी तीच. लांब मान, हनुवटी किंचित उचललेली, आणि डावी भुवई मध्येच जराशी तुटलेली. मला ती फार आवडायची. मी तिच्यासारखी मान ताणून फिरायचे. आई म्हणायची, "मानेत उसण भरली काय गं?" आणि बाबा कागद उलटा ठेवायचे.

दुसरीत असताना वर्गातल्या एका मुलीनं दिवाळी अंकातली चेटकीण आणि फाटकापाशी मला न्यायला आलेली माझी आई यांची सांगड घातली. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग फाटकावर बघायला उभा होता. मी घरी येऊन आईला सांगितलं, तू शाळेत येऊ नकोस. तिनं कारण विचारलं नाही. त्यानंतर चौथी संपेपर्यंत ती पलीकडच्या सायकलच्या दुकानाआड उभी राहायची आणि मी तिथवर एकटी चालत जायचे.

आता मी आयर्लंडमधल्या पोर्टलीशमध्ये राहते. नवरा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, मी घरच्या वरच्या खोलीत बसून डब्लिनच्या एका कंपनीचं काम करते. मुलगी दहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर ती इंग्रजीत देते, तेही अस्सल इथल्या हेलात. गेल्या वर्षी मे महिन्यात बाबा गेले आणि सप्टेंबरात आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली. मेतकूट, गोडा मसाला वगैरे सगळं सामानात टाकून तिनं हातातल्या पिशवीत एकच वस्तू आणली होती. जुन्या साडीत गुंडाळलेलं, नाडीनं बांधलेलं बाबांचं फोल्डर. छापलेले अंक केव्हाच रद्दीत गेले होते. ही मूळ चित्रं होती, नुसत्या चेटकिणी आणि राजकन्या, बाबांच्या हातची, कडेला निळ्या पेन्सिलीनं छापखान्यासाठी लिहिलेल्या सूचनांसकट. निम्म्या आकारात आणा. इथे काळं दाट येऊ द्या.

"इकडे दमट फार. कुठे ठेवू?" आईनं विचारलं.

मी हॉट प्रेस दाखवली. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि ज्या कपाटात गरम पाण्याची टाकी असते ती हॉट प्रेस. घरातली तेवढीच कोरडी, उबदार जागा. टॉवेलांच्या वरच्या फळीवर फोल्डर गेलं.

आमच्याकडे पितृपंधरवड्यात अविधवा नवमी असायची. नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्णीची ती तिथी. बाबांची पहिली बायको लग्नानंतर दीड वर्षात, बाविसाव्या वर्षी तापानं गेली होती. तिच्या नावानं माझी आई दर वर्षी पुरण घालायची, एका सवाष्णीला जेवायला बोलवायची, तिची खणानारळानं ओटी भरायची. घरात त्या बाईचा फोटो नव्हता. दुसरी सून येणार म्हणून आजीनं होते तेवढे तिच्या माहेरी धाडून दिले, आणि ते माहेरही पुढे विस्कटलं. सुरुवातीला आई तिला "त्या" म्हणायची. कधीतरी मध्येच "ती" म्हणायला लागली. गेलेली बाविसाचीच राहिली आणि आई साठीची झाली, तेव्हा ते आपसूकच झालं असणार.

त्या सप्टेंबरात नवमीला मी सकाळी खाली आले तर आई ओट्यापाशी हात बांधून उभी होती. गॅसवर काही नव्हतं.

"गुरुजींना विचारून आले होते," ती म्हणाली. "नवरा गेला की नवमी बंद. बाकीच्या पितरांबरोबर सर्वपित्रीला काय ते. वेगळा दिवस नाही आता तिला."

"बरं झालं ना मग. सुटलीस."

"हो की. सुटले." ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. बाहेर कुंपणावर चार-पाच कावळे ओळीनं बसले होते. इथे कावळ्यांना तोटा नाही.

दुपारी तिनं फोल्डर खाली आणायला लावलं. राजकन्येचा एक कागद काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "ही ती."

मला क्षणभर काही कळेना.  आईनं अगदी साध्या आवाजात सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळी अंकात तिनं कौतुकानं विचारलं होतं, कोण हो ही? बाबा म्हणाले, ती अशी दिसायची. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही आणि आईनं विचारलं नाही. आणि मग ती उपड्या बादलीवर बसत राहिली, केरसुणी धरून, चाळीस वर्षं.

मी बाबांवर इतकी चिडले की मला गेलेल्या माणसाशी भांडायची सोय हवी होती. आणि त्याहून जास्त लाज वाटली ती माझी. आईच्या देखत मी त्या मुलीसारखी मान ताणून घरभर मिरवले होते.

त्या दिवसापासून घर बदललं. म्हणजे भिंती त्याच, पण आता आमच्यात एक जण जास्त होती. हॉट प्रेसमध्ये ती होती हे मला टॉवेल काढताना माहीत असायचं. एकदा मी आंघोळीहून येत होते तर आई त्या उघड्या कपाटापुढे उभी राहून हळू आवाजात बोलत होती, "आता तुझं काय करू मी? सांग बघू." मी पाय न वाजवता मागे फिरले. फरशी गार होती आणि माझ्या केसांतून पाणी गळत होतं.

ऑक्टोबरात मुलीमुळे आम्ही तिघी शनिवारी सकाळी लायब्ररीत जायला लागलो. हॅलोविनसाठी जुन्या पद्धतीच्या वस्तू करायचा वर्ग होता. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, पूर्वी शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या. भोपळा कोरणं ही अमेरिकेची फॅशन, इथलं खरं तोंड सलगमाचं, असं म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला डोक्याएवढं जांभळं सलगम आणि ते कोरायला चमचा दिला. दुसऱ्या शनिवारी बर्चच्या काटक्यांचा झाडू होता. आईनं दोन मिनिटांत दोरीला असा काही पीळ दिला की सगळ्या बाया आपापले झाडू घेऊन तिच्यापुढे आल्या. पण बाईंनी तयार झाडू भिंतीला उभा टेकवला, तेव्हा आईनं उठून तो आडवा केला. बाईंनी पुन्हा उभा केला. आईनं पुन्हा आडवा.

"आज्जी सेज इट्स रूड टू हर," माझी मुलगी म्हणाली.

"टू हू?"

"टू द ब्रूम."

बाईंनी थोडा विचार केला, मान हलवली आणि सगळ्यांचे झाडू आडवे करून ठेवले. त्या दिवसापासून त्या दोघींचं जुळलं.

तिसऱ्या शनिवारी सफरचंदांची डोकी केली. सफरचंद सोलून त्यावर नाकडोळे कोरायचे, मिठाच्या पाण्यात बुडवायचे आणि उबेला टांगून ठेवायचे. ते आठवड्या-दोन आठवड्यांत आकसतं आणि त्याची आपोआप म्हातारी होते. कोणती म्हातारी होईल ते कोरणाऱ्याच्या हातात नसतं, बाई म्हणाल्या. आम्ही आमची तीन हॉट प्रेसमध्ये दोऱ्यानं टांगली. रोज टॉवेल घ्यायला दार उघडलं की ती थोडी आणखी मिटलेली असायची, तपकिरी, गालफडं बसलेली, आणि त्यांच्याच मागे नाडीत बांधलेली ती, न सुकणारी. सफरचंदाचा गोडसर कुजका वास टॉवेलांना लागला. मी माझे टॉवेल खाली नेऊन ठेवले.

त्याच वर्गात बाईंनी सांगितलं, त्यांच्या लहानपणी हॅलोविनच्या रात्री दाराला कडी घालत नसत आणि घरातल्या गेलेल्यांसाठी टेबलावर एक ताट मांडत. मुलीनं ते आईला समजावलं. तिला अडलं तिथे मी मराठीत सांगितलं. आई लक्ष देऊन ऐकत होती. मग त्या रात्रीच्या मोठ्या शेकोट्यांचं निघालं. लोक जुनं फर्निचर टाकतात, बाई म्हणाल्या, आणि काही जण ज्याच्यातून सुटायचं ते कागदावर लिहून आगीत टाकतात.

आई मला म्हणाली, "विचार त्यांना. लिहिलेलंच लागतं, की चित्र चालेल?"

मी विचारलं नाही.  मुलीनं विचारलं. चित्रही चालतं, बाई म्हणाल्या, आणि हॅलोविनला घरी जुन्या परीकथांची चित्रं कॉपी करून, बरण्यांना लावून कंदील करा.

 परत येताना गाडीत मला सगळं उघड दिसत होतं. नवमी बंद झाली होती, नवरा गेला होता, आता हिला विचारणारं कुणी नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला तिचा राग येऊ शकत नव्हता. तिच्या जागी मी असते तर लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ते कागद चुलीत घातले असते. पण ती बाबांची सगळ्यात चांगली चित्रं होती. एकेक केस वेगळा काढलेला. आणि ती माझी राजकन्या होती. एवढं सगळं कळूनही ती माझी राजकन्या होतीच.

शुक्रवारी आई शेजारणीबरोबर फिरायला गेली तेव्हा मी फोल्डर काढलं. राजकन्येचे सगळे कागद वेगळे केले, लायब्ररीत नेऊन जाड, पिवळसर कागदावर त्यांच्या कॉपी काढल्या, आणि चित्रांच्या मध्ये घातलेले पातळ कागद होते तसेच घालून त्या फोल्डरमध्ये ठेवल्या. खरी चित्रं माझ्या कामाच्या टेबलाच्या खणात कुलपात गेली. आईला मोतीबिंदूचा त्रास होता. तिला कळायचं नाही, असं मी धरून चालले. चेटकिणींना मी हात लावला नाही. त्यांना कसला धोका होता?

हॅलोविनच्या दिवशी मी पाचपर्यंत वरच्या खोलीत काम करत होते. खाली आई आणि माझी मुलगी कंदिलांच्या मागे लागल्या होत्या. वास आधी वर आला. खोबरेल तेलाचा. मला वाटलं आई केसांना तेल लावत असेल. काम संपवून जिना उतरले तेव्हा बाहेर अंधारलं होतं आणि समोरच्या खोलीतला दिवा मालवलेला होता. खिडकीत चार बरण्या पेटल्या होत्या.

चारही बरण्यांवर आई होती. केस सोडलेली, केरसुणी आवळून धरलेली, आतल्या ज्योतीनं चेहरा हलत असलेली. एकीत ती वाकून कढई ढवळत होती, एकीत खांद्यावरून मागे बघत होती. तिशीतली आई. बाबांनी तिच्या मनगटावरची पोळ्या करताना भाजल्याची खूण काढली होती, ती मी त्याआधी कधी बघितली नव्हती. मी तिथेच उभी राहिले. कॉपीतून इतकं सुरेख येतं, असं वाटलं. मग एका बरणीच्या काठाशी मला निळी अक्षरं दिसली. इथे काळं दाट येऊ द्या.

"आई! हे खरे कागद आहेत!"

"हो की." ती खुर्चीत बसून हाताचं तेल पदराला पुसत होती. "जाड होते, उजेड जाईना. मग तेल चोळलं. बघ कसा जातोय."

"बाबांच्या हातचे होते गं ते! बाकीचे कुठे आहेत?"

टेबलावर कात्रणं पडली होती. मुलगी बावरून माझ्याकडे बघत होती. "आज्जी सेड इट वॉज ग्रँड," ती म्हणाली. इथल्या बोलीत ग्रँड म्हणजे चालेल. आईनं चेटकिणींचे सगळे कागद घेतले होते. चांगले चार बरण्यांना लागले आणि बाकीच्यांची तिनं मुलीला झाडू, मांजरं, वटवाघळं कापून दिली होती.

मी ओरडले. काय काय बोलले ते आता लिहीत नाही. जळकुटेपणा निदान तिच्यावर तरी काढायचास, असंही काहीतरी माझ्या तोंडून गेलं.

दारावरची घंटा वाजली. चादर पांघरून भुतं झालेली दोन-तीन पोरं गोळ्या मागत उभी होती. मुलगी गोळ्यांचं भांडं घेऊन दाराशी पळाली.

"तिच्यावर?" आई म्हणाली. "तिचे कागद घेतले होते मी हातात सकाळी. ताट मांडायचं म्हणून एक समोर ठेवावा म्हटलं. हात फिरवला तर गुळगुळीत. शाईचा खरखरीतपणा नाही."

मी टेबलावरची कात्रणं गोळा करायला लागले.

"मी जाळीन वाटलं तुला," आई म्हणाली.

"तू विचारलंस ना बाईंना. चित्र चालेल का म्हणून."

"माझं विचारलं होतं गं." तिनं खिडकीकडे हात केला. "चाळीस वर्षं केरसुणी धरून बसलेय. आता उठावं म्हटलं. मग आगीत नको, कंदील तरी होऊ दे." बाहेर पोरं खिदळत होती. "तिचा एक फोटो नाही कुठे. बाविसाव्या वर्षी गेली पोर. एवढंच आहे तिचं. मी तिला जन्मभर जेवू घातलं, आणि तू तिला माझ्यापासून लपवलंस?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या आवाजात राग नव्हता. सायकलच्या दुकानाआड उभी राहायची तेव्हाही नव्हता.

मी वर जाऊन कुलूप काढलं आणि कागद आणले. आईनं त्यातला एक निवडला, डाव्या भुवईवरून अंगठा फिरवून बघितला, आणि तो टेबलावर एका ताटापाशी उभा केला. ताटात वरणभात आणि मुलीसाठी आणलेल्या बार्मब्रॅकचा, त्या मनुकांच्या ब्रेडचा, एक तुकडा होता. पुरण घातलं नव्हतं. मेणबत्त्या विझवू या, अजून थोडं वाचेल, असं मी म्हटलं. आई म्हणाली, राहू दे, पोरं येतायत. त्या साडेआठच्या सुमाराला आपोआप विझल्या. तेलकट कागद सकाळपर्यंत तपकिरी पडून काचेला चिकटून बसले होते. मी ते कोमट पाण्यात सोडवून बघितले. हातात लगदा आला.

नोव्हेंबरच्या अखेरीस आई परत गेली. सामान भरताना तिनं फोल्डर काढून माझ्या हातात दिलं. त्यात फक्त राजकन्या होत्या.

"ह्या तुझ्याकडेच राहू देत," ती म्हणाली. "तुला त्यांची काळजी घ्यायची सवय आहे."

विमानतळावर मी तिला सोडलं. सुरक्षा तपासणीच्या पलीकडे जाऊन ती एकदा वळून बघेल म्हणून मी बराच वेळ थांबले. ती वळली नाही, किंवा वळली असेल आणि गर्दीत मला दिसली नसेल. बाबांनी आईला समोर बसवून, तासन्‌तास बघून जे काढलं, त्यातला एकही कागद आता शिल्लक नाही. राजकन्या मात्र सगळ्या सुखरूप आहेत.